कव्हर फाटेपर्यंत

गल्लीत त्यांना सगळे कव्हरवाल्या काकू म्हणत. माणसांचे कपडे त्यांनी कधी शिवले नाहीत. माणसं जाड-बारीक होतात आणि दोष शिवणाऱ्याला देतात. रेडिओचं तसं नसतं.

त्या काळी रेडिओ टिकायचा आणि कव्हर विटायचं. "मागचंच माप, काकू," म्हणत गिऱ्हाईक त्याच रेडिओसाठी पुन्हा दारात उभं. टीव्हीचं कव्हर झालरीचं. कार्यक्रम संपले की लोक ते टीव्हीवर असं घालत, जणू घरातलं आजारी माणूस आता कुठे झोपलंय. पुढे काळ उलटला. शेजारीण प्रिंटरचं कव्हर न्यायला आली ती नको म्हणतच. "राहू दे काकू, नवीन आणलाय. तो बुटका आहे."

काकूंच्या घरी मात्र लग्नानंतर दोघांनी मिळून घेतलेला रेडिओ अजून होता. काका गेल्यापासून दुपारी घरात बोलणारं तेवढंच उरलं होतं.

"आई, उद्या जुन्या वस्तूंचा टेंपो येतोय. रेडिओ देऊन टाकू," मुलगा म्हणाला. "एकच स्टेशन लागतं."

"मला एकच ऐकायचं असतं."

टेंपो आला तेव्हा मुलाचे जुने फोन पिशवीत घालून काकू खाली उतरल्या. टेंपोत टीव्ही, प्रिंटर, कॉम्प्युटर एकमेकांच्या उरावर पडले होते. काहींच्या अंगावर काकूंचीच कव्हरं, एक टाका उसवलेला नाही.

"कापड घेऊन जा, काकू. आम्हाला नको," टेंपोवाला म्हणाला.

"बाकीच्याचं काय करता?"

"फोडतात, जाळतात, तांबं काढतात. उरलेलं नाल्याकाठी."

"कुजायला वेळ लागत असेल."

"कुजतंय कुठलं? आपल्यामागेही राहील ते."

"म्हणजे टिकाऊ आहे," काकू म्हणाल्या. "फक्त चालत नाही."

कव्हरं काखेत मारून त्या वर आल्या आणि मुलाला म्हणाल्या, "कव्हर फाटलं की रेडिओ देऊन टाक. मी आडवी येणार नाही."

मुलाने कव्हरचा विरलेला कोपरा चाचपला. यंदाचं वर्ष काही काढत नाही. "ठरलं," तो म्हणाला.

याला बरीच वर्षं झाली. टेंपो यायचा असला की मुलगा कव्हर उलटसुलट करून बघतो आणि पुन्हा रेडिओवर घालतो. मधल्या काळात त्याचे तीन फोन टेंपोत गेले.

दुपारी तो कामावर गेला की काकू चष्मा लावतात, रेडिओ लावतात, आणि एखाद्या मेलेल्या टीव्हीच्या कव्हरचा तुकडा कापून आतल्या बाजूने कोपऱ्याला जोडतात. बाहेरून दिसत नाही.