दीड मीटरवरची जीभ

सकाळी बाल्कनीच्या आडोशापलीकडून आधी एक मान यायची आणि मग जीभ. मुळापर्यंत बाहेर काढलेली.

"अबोली का डाळिंबी?" जीभ आत घेऊन ती विचारायची. "खरं सांग हं, माझं मन राखू नकोस."

परदेशातला शेजारधर्म तुम्हीही पाहिला असेल. कुणी कढीपत्ता मागतं, कुणी जादा किल्ली ठेवायला देतं. हॉलंडमधल्या अ‍ॅमस्टेलव्हीनच्या आमच्या इमारतीत माझ्याकडे शेजारणीची जीभ बघायचं काम होतं.

ती मूळची सांगलीची. माझ्याहून वयाने मोठी, म्हणून ताई. सॉफ्टवेअर टेस्टर होती. लोकांच्या कामातल्या चुका काढायचे पैसे मिळतात, याहून मोठं सुख नाही असं तिचं मत होतं. घरातही तोच खाक्या. गणपतीच्या नैवेद्याची आमटीसुद्धा ती आधी चाखून बघायची. मी एकदा डोळे वटारले, तर म्हणाली, "मग काय देवाला अळणी वाढू? टेस्ट केल्याशिवाय रिलीज नाही."

कोरोनाच्या आधी तिला स्तनाचा कॅन्सर झाला होता. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं आणि शेवटी मागे राहिली एक रोजची गोळी. आजार परतू नये म्हणून ती काही वर्षं घ्यायची होती. पण त्या गोळीने अंगातून वाफा निघायच्या आणि बोटं आखडायची. जानेवारीत आम्ही कानटोप्या घालून कुडकुडत असताना ही बाल्कनीत सुती गाऊनवर उभी राहून सुपाने वारा घेत असे. "अख्ख्या हॉलंडमध्ये हीटिंग न लागणारी मी एकटीच," असं वर मलाच सांगायची.

तशातच तिला ट्रॅमच्या थांब्याजवळची चिनी वैद्यबाई सापडली. वैद्यबाई जीभ बघायची, नाडी बघायची आणि कानात, मनगटात, घोट्यात बारीक सुया टोचायची. वाफा बऱ्याच कमी झाल्या. वैद्यबाईच्या भिंतीला लागून काढ्याच्या मुळ्या-सालींचे ड्रॉवर होते आणि ताईचा सगळा जीव त्या ड्रॉवरांत. पण हॉस्पिटलने बजावलं होतं की सुया चालतील, काढा नको, गोळीशी त्याचं जमेलच असं नाही. वैद्यबाईचंही तेच म्हणणं. "एवढं दुकान मांडून बसलीय आणि मला एक काडी देत नाही!" ताई कुरकुरायची.

मग लॉकडाउन लागला आणि सुया बंद झाल्या. वैद्यबाई फोनवरून कुठला बिंदू दाबायचा ते सांगू लागली, पण त्यासाठी जिभेचा रंग कळायला हवा. कॅमेऱ्यात रंग खोटा दिसतो, कुणीतरी डोळ्यांनी बघून सांगा, असा तिचा हट्ट. ताईचा नवरा सासऱ्यांच्या आजारपणासाठी सांगलीला गेला होता, तो विमानं बंद झाल्यामुळे तिकडेच अडकला. उरले मी, कोरोनाच्या नियमाने दीड मीटरवर. मला रंग कळतात ते साड्यांचे. मी "अबोली, मधे ताकासारखा पांढरा थर" असा निकाल द्यायची आणि अबोली म्हणजे काय हे चिनी बाईला इंग्रजीतून समजावताना ताईच्या नाकी नऊ यायचे. त्या ओसाड दिवसांत मी सकाळची वाट बघायची ती त्या जिभेसाठी. ताईवर माझा फार जीव जडला होता.

एके सकाळी मान आली, जीभ आली नाही.

"आज राहू दे," ती म्हणाली.

"का हो ताई? काय झालं?"

तिने खाली सायकलींकडे मान वळवली. मग म्हणाली, "टाक्यांपाशी गाठ लागतेय हाताला. पुढे ढकललेला फॉलो-अप होता ना, त्याची गुरुवारची तारीख दिलीय. मी नाही म्हणून कळवणार आहे. कोरोनात कोण जातंय तिथं!"

"आणि वैद्यबाई काय म्हणते?"

"तिला म्हटलं, गाठ विरघळवायचा काढा दे. तर म्हणते, आधी हॉस्पिटलात जाऊन फोटो काढ, मग माझ्याकडे ये. तीही त्यांच्यातलीच निघाली." मग हळूच म्हणाली, "परत तेच निघालं तर? हे तिकडे, मी इकडे."

माझ्या तोंडातून निघालं ते तिचंच वाक्य. "ताई, टेस्ट केल्याशिवाय रिलीज करता का तुम्ही?"

ती माझ्यावर भडकली. आडोशापलीकडे दार आपटलं. गुरुवारी मात्र सायकल काढून खाली उभी होती.

हॉस्पिटलमध्ये सोबतीला परवानगी नव्हती. मी बाहेर सायकल स्टँडपाशी थांबले आणि येतील ती सगळी स्तोत्रं अर्धी अर्धी म्हटली. खूप वेळाने पहिल्या मजल्यावरच्या काचेशी ती दिसली. तिने इकडेतिकडे बघितलं, मास्क हनुवटीखाली ओढला आणि जीभ बाहेर काढली. पूर्ण. मागून जाणारी नर्स थबकून बघत राहिली.

गाठ नव्हतीच, जुन्या जखमेचाच घट्टपणा होता. मी खाली उभ्या उभ्या हसत होते आणि रडतही होते. तेवढ्या अंतरावरून रंग काय कप्पाळ दिसणार! तरी मी दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडले, "अबोलीऽऽ!"

पुढे विमानं सुरू झाली, नवरा परतला, त्याला ब्रेडा शहरात नोकरी लागली आणि ती तिकडे राहायला गेली. जाताना वारा घ्यायचं सूप मला देऊन गेली.

यंदा मला पन्नास वर्षं पूर्ण झाली. इथे पन्नाशीला बायकांना स्तनाच्या सरकारी तपासणीचं बोलावणं येतं, फोटो काढायची गाडी सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये उभी असते. मी आज-उद्या करत राहिले. एका रविवारी ताईचा फोन आला. "गेलीस का?" मी कामाचं काहीबाही सांगू लागले. "बरं बरं. टेस्ट न करताच रिलीज का?" एवढं म्हणून तिने फोन ठेवला.

दुसऱ्या आठवड्यात मी जाऊन आले. निकालाचं पत्र सकाळी आलं. सगळं ठीक होतं. पत्र हातात घेऊन मी तशीच बाल्कनीत धावले, आडोशापलीकडे मान घातली आणि जीभ बाहेर काढली.

पलीकडे नवा भाडेकरू, एक डच तरुण, कॉफी पीत उभा होता.

"खुदेमोर्खन," त्याने अदबीने डचमधलं गुड मॉर्निंग म्हटलं.