भाऊजी पयाले!

माझं मोठं आतडं माझ्या मताप्रमाणे चालत नाही. गेली नऊ वर्षं मीच त्याच्या मताप्रमाणे चालतो. कोलायटिस म्हणतात या दुखण्याला. आतड्याला कायमची सूज, आणि निरोप आला की मुदतवाढ नाही!

अशाच रुग्णांच्या औषधांसाठी बुलढाण्यात पाच किलोमीटरची दौड निघाली. मी नाव दिलं. आमच्या कॉलनीची अट एकच : शेवटपर्यंत पळालो तरच देणगी.

"अन् अर्ध्यात सोडलं तं?"

"तं टाळ्या देऊ!"

मी आधीच मार्ग पाहून आलो. चार संडास, म्हणजे सरासरी सव्वा किलोमीटरला एक. हिशेब चोख होता. तिसऱ्या संडासापाशी निरोप आला. संडास नवा कोरा, दाराला लाल फीत आणि कुलूप. उद्घाटन व्हायचं होतं! (पुढाऱ्यांना मुहूर्त लागतो, आम्हाला नाही.)

मी शेजारच्या गल्लीत सुसाट सुटलो. एका ओट्यावर मावशी गहू निवडत होत्या.

"मावशी, संडास!"

"कोनाले पाह्यजे?"

"मले!"

"मंग उभे काऊन राह्यले? जा ना!"

माझ्या मागोमाग स्कूटरवरून येणारा मेहुणा गजानन मला मार्ग सोडून पळताना पाहून घाबरला. त्याने शेवटच्या रेषेवर थांबलेल्या माझ्या बायकोला फोन लावला, "ताई, भाऊजी पयाले!"

पयाले म्हणजे पळाले. पण तिथे ढोल वाजत होता. तिला ऐकू आलं 'पयले', म्हणजे पहिले!

"खरंच?"

"हाव! असे पयाले, मांगं वयूनही नाही पाह्यलं!"

"संगं कोनीच नाही?"

"संगं कोन जाईन ताई!"

तिने माईकवाल्याला सांगितलं, त्याने गावाला. कॉलनीने हार आणला, गुलाल आणला. तेवढ्यात एक तरणाबांड पोरगा धापा टाकत खरोखरच पहिला पोचला.

कॉलनीवाले त्यालाच ओरडले, "बाजूले हो बे! पयला येऊन राह्यला!"

मग दुसरा आला, तिसरा आला, शाळेच्या पोरी आल्या, एक आजोबाही आले. मी मात्र जिथून मार्ग सोडला तिथूनच पुन्हा धावायला लागलो होतो. उगाच कोणी हिशेबात खोट काढायला नको. पोचलो तेव्हा मांडववाले कनात गुंडाळत होते.

बायको हार घेऊन उभी. "गज्या, हे पयले?"

"मंग! मी काय खोटं बोललो? डोयानं पाह्यलं, पयाले!"

अट पूर्ण झाली होती, देणगी मिळाली. हार त्या पोराच्या गळ्यात गेला, आणि तेच योग्य. पण मी घरी येऊन हिशेब केला. त्या गल्लीतल्या शंभर मीटरांत माझ्याइतक्या वेगाने त्या दिवशी कोणीच धावलं नव्हतं. तिथे मी निर्विवाद पहिला! स्पर्धक एकच होता, हा भाग वेगळा.