देसाई दीवला जातात

आम्ही तिघांनी आजवर जितकी माकुलं पकडली, त्याहून किस्से जास्त पकडलेत. माकूल म्हणजे हॉटेलच्या मेनूकार्डातलं स्क्विड. ते बर्फात ठेवलं तरी चार दिवसांत वास मारतं. किस्सा मात्र नुसता ठेवला तरी वाढत जातो. आमचे आता घरात मावेनासे झालेत, म्हणून तुमच्याकडे सोडतोय.

तिघं म्हणजे मी सुरतेत मराठी शाळेवर मास्तर, भामरे तिथल्याच पर्वत पाटिया भागात साड्यांच्या युनिटमध्ये सुपरवायझर आणि देसाई बँकेत. हवा भरायचे दोन कयाक देसाईंचे, हौस देसाईंची आणि धोकाही देसाईंनाच!

*

धोका असा, की देसाई मूळचे वेंगुर्ल्याचे, पण राहतात कडक शाकाहारी सोसायटीत. फ्लॅट मिळाला तो आडनावावर. सुरतेत देसाई म्हटलं की लोक आपलाच गुजराती ब्राह्मण धरतात. चेअरमन रमणकाकांनी "देसाई? बस, बस!" म्हणून किल्लीच हातात ठेवली. वेंगुर्ला कुठे येतं, हे त्यांनी विचारलं नाही आणि सत्यवचनी देसाईंनी सांगितलं नाही.

फ्लॅटचा मालक अमेरिकेत, त्यामुळे भाडेकरू ठेवायचा की हाकलायचा ते रमणकाका ठरवतात. तिसऱ्या मजल्यावरच्या एका कुटुंबाच्या ओट्यावर अंड्याची टरफलं दिसली, तर महिनाअखेर त्यांच्या सामानाचा टेम्पो गेटवर लागला होता. देसाईंची मुलगी दहावीला आणि शाळा अगदी समोर. या वर्षी घर सोडावं लागलं असतं तर वहिनींनी आधी देसाईंनाच सोडलं असतं.

*

आता माकुलाला स्वच्छ पाणी लागतं. आमच्या सुरतेच्या डुमस किनाऱ्याचं पाणी उकळलेल्या चहासारखं. त्यात माकुलाला स्वतःचे पाय दिसत नाहीत, आमचा गळ कुठून दिसणार! म्हणून जोडून सुट्ट्या आल्या की आम्ही गाडी काढून दीवला जातो.

गुजरातेत "दीवला जातो" म्हटलं की लोक पुढचं विचारत नाहीत, नुसते हसतात. तिकडे दारू मोकळी ना! देसाई थेंबाला शिवत नाहीत. पण सोसायटीत त्यांचं नाव झालं ते अट्टल पिणारा म्हणून, आणि त्यांनी ते आनंदाने होऊ दिलं. दारुड्याला सोसायटी सांभाळून घेते, लिफ्टमध्ये पाठही थोपटते. मासे खाणाऱ्याला मात्र टेम्पो!

*

भामरेला पोहता येत नाही. पहिल्या फेरीच्या दिवशी त्याने लाइफ जॅकेट कोसाडला घरीच चढवलं आणि तसाच बाइकवरून देसाईंकडे निघाला. अमरोलीच्या चौकात ट्रॅफिक पोलिसाने अडवलं.

"हेल्मेट कहाँ है?"

"साहेब, मैं तो पानी में जा रहा हूँ. रोड का तो थोडी देर का काम है!"

पोलिसाने आधी त्याचं तोंड हुंगलं, मग पावती फाडली.

*

खरं तर माकूल धरायचं ते आमिष म्हणून. त्याचे तुकडे गळाला लावायचे आणि मोठा मासा काढायचा, असा देसाईंचा शास्त्रशुद्ध प्लॅन! पण पहिलंच माकूल भामरेने किनाऱ्यावर तव्यावर टाकलं. दुसरं मी टाकलं. तिसऱ्याला देसाईंनी स्वतः तिखटमीठ लावलं. तेव्हापासून आम्ही आमिषच खातोय, मोठा मासा अजून कसा असतो ते पाहिलेलं नाही.

उरलेली माकुलं भामरेवहिनींकडे कोसाडला शिजतात. त्या खानदेशी काळा मसाला असा घालतात, की देसाईंच्या डोळ्यांना धार लागते. "वहिनी, थोडा नारळ घातला असता तर..." असं ते एकदा चाचरत म्हणाले.

भामरेवहिनी म्हणाल्या, "नारळ देवले फोडतस, भाऊ. तुम्ही जेवा!"

*

एकदा देसाईंनी थोडी माकुलं श्रीखंडाच्या डब्यात घालून घरच्याच फ्रीजरमध्ये लपवली. नेमके शेजारच्या हंसाबेनकडे पाहुणे आले. त्या काही गोड हवं म्हणून हक्काने आत आल्या, फ्रीजर उघडला आणि डब्याला हात घातला.

"ते आंबट झालंय हो!" देसाईवहिनी किंचाळल्या.

"खाटुं? तो कढी बनावी दईश!" सुरती कढी तशीही गोडच असते, त्यामुळे हा बचाव तिथेच संपला. वहिनींना रडू कोसळलं, आणि ते खरंच होतं.

"हंसाबेन, त्यात ह्यांची बाटली आहे..."

हंसाबेननी डबा हळूच जागेवर ठेवला, वहिनींना पोटाशी धरलं आणि संध्याकाळी वाटीभर उंधियू पाठवलं. देसाईंनी ते मिटक्या मारत खाल्लं.

*

आणि मग लिफ्टमध्ये रमणकाका म्हणाले, "देसाईभाई, आ वखते हुं पण आवुं छुं. काकीने कहेता नहीं!"

काकांनाही दीवला यायचं होतं आणि नाही म्हणायची सोय नव्हती. ठरलं असं, की काकांना नुसतं कयाकमधून फिरवायचं, गळ कुणी काढायचा नाही. व्यायाम म्हणायचं आणि परत आणायचं.

उजाडता उजाडता दीवच्या किनाऱ्यावर काका पांढऱ्याशुभ्र झब्ब्यात हजर. उकडतंय म्हणून लाइफ जॅकेटचे पट्टे सुटे. ते देसाईंच्या कयाकमध्ये पुढे बसले, मी आणि भामरे शेजारच्या कयाकमध्ये. थोडं आत गेल्यावर काकांनी हळूच विचारलं, "माल क्यां छे?"

"माल नाही काका. फक्त एक्सरसाइज."

काकांनी डोळा मारला. तेवढ्यात त्यांना कडेला बांधलेली, पाण्यात सोडलेली दोरी दिसली. भामरेने सवयीने देसाईंच्या कयाकलाही गळ बांधून ठेवला होता!

"ओहोहो! बाटली ठंडी करवा माटे पाणीमां लटकावी छे!" म्हणत काकांनी सरसर दोरी ओढली.

वर आलं ते चांगलं हातभर माकूल. बाहेर येताच त्याने सगळी शाई काकांच्या छातीवर सोडली. पांढरा झब्बा गळ्यापासून पोटापर्यंत काळाकुट्ट!

"व्हयनं आते कल्याण," भामरे पुटपुटला. देसाईंचा चेहरा मला बघवेना. मुलीची दहावी, वहिनी, गेटवर लागलेला टेम्पो, सगळं त्यावर दिसत होतं. मला खरंच भरून आलं.

काकांनी एकदा माकुलाकडे पाहिलं, एकदा झब्ब्याकडे. काकांचा सगळा जन्म रिंग रोडच्या कापडबाजारात रंग विकण्यात गेलेला. त्यांनी झब्ब्याचं टोक चिमटीत धरलं, समुद्रात बुचकळलं, खसाखसा चोळलं, पिळलं आणि उन्हाकडे धरून पाहिलं. काळा रंग जरासुद्धा हलला नव्हता.

"काका..." देसाईंनी वल्हं आडवं ठेवलं. "फ्लॅट कधी खाली करायचा?"

"अरे, फ्लॅटमां शांतिथी रहो ने!" काका झब्ब्यावरची नजर न काढता म्हणाले. "पहेलां ए कहो, आमां लाल-पीळा बीजा कलर आवे छे?"