नलूने पदरचं घातलं

बोर्ली पंचतनच्या अलीकडे एक लहान गाव आहे. तिथल्या पद्मावहिनींच्या वाडीत नलू बरीच वर्षं सुपाऱ्या सोलते. पडवीत ढिगाभोवती बायका बसतात, हात चालू ठेवतात आणि कुणीतरी काहीतरी सांगायचं, असा तिथला रिवाज. त्यात नलूचा हातखंडा. कुणाची म्हैस व्यायली हे जरी तिनं सांगितलं, तरी ऐकणारीला वाटावं, आपणच दावं धरून उभ्या होतो.

तिच्या स्वतःच्या आयुष्यात मात्र सांगण्याजोगं फारसं नव्हतं. आठवीत शाळा सुटली, मग लग्न. नवरा मुंबईला कंपनीत, गणपतीला आणि शिमग्याला घरी येणारा. माणूस वाईट नाही. पण त्यानं तिच्याकडे कधी चोरून पाहिलं नाही, कारण चोरून पाहायची वेळ येण्याआधीच डोक्यावर अक्षता पडल्या होत्या.

मुलानं, प्रज्योतनं, पनवेलहून आपला जुना मोबाइल तिला पाठवला, आणि त्यात तिला एक जपानी कार्टून सापडलं. शाळेतली पोरं, बोलतात मात्र हिंदी. एक मुलगा आणि एक मुलगी रोज एकाच गाडीनं शाळेत जातात. तो तिच्यासाठी खिडकीची जागा राखतो, ती बसते, दोघं बाहेर बघतात. संपला भाग! पुढच्या भागात तो म्हणतो, "आज ऊन आहे," आणि इकडे नलूच्या छातीत धडधडायला लागतं. दुपारी दार लोटून, कानात वायर घालून चाळिशी उलटलेली ही बाई ते बघायची आणि पदरानं डोळे टिपायची. कुणाला कळलं तर काय म्हणतील, या विचारानं तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पण एवढी गोड गोष्ट पोटात राहते थोडीच! एक दिवस तिनं पडवीत सुरुवात केलीच.

"येक पोरगी हाय, येक पोरगा हाय. दोघं येकाच येष्टीनं शाळंत जातात."

जपानी नावं जिभेवर वळेनात, ती गाळली. आगगाडीची एसटी झाली. शेजारी बसलेल्या शकूनं विचारलं, "कुनाची गं पोरगी?"

कार्टून आहे म्हणून सांगायची हीच वेळ होती. पण नलूला लाज वाटली. "आसंल कुनाची तरी," ती हसून म्हणाली.

बायकांना गोष्ट आवडली, पण थोड्याच दिवसांत त्या कंटाळल्या. "अगो, नुसती भायेर बघत बसतात? डोंगर मोजतात काय?" शकूनं मोठी जांभई दिली. ऐकणाऱ्यानं जांभई दिली की भल्याभल्या सांगणाऱ्याचा तोल जातो. नलूचाही गेला आणि तिनं पदरचं घातलं.

"मंग येक दिस थांब्यावर कोन न्हवता. पोरानं तिचा हात धरला."

पडवीतले सगळे हात थांबले.

त्या गावातून एसटीनं अकरावीला जाणारी दोनच मुलं होती. एक रितेश, खालच्या आळीतला. दुसरी आश्लेषा, खुद्द पद्मावहिनींची लेक. शकूनं दोन आणि दोन चार केले आणि वहिनींच्या कानाशी लागली. "लक्ष ठेवा वहिनी, नलूनं डोळ्यांनी पायलाय." झालं! आश्लेषाचं कॉलेज बंद. घरी बसून परीक्षा दे, पोरीच्या आजोबांनी, अण्णांनी फर्मान काढलं.

आतून पोरीचं रडणं पडवीत ऐकू यायला लागलं, तेव्हा नलूला खरा प्रकार समजला. गप्प बसावं, तर पोरीचं कॉलेज सुटतं. बोलावं, तर म्हातारपणी कार्टून बघणारी म्हणून गावभर हसं. दुसऱ्या दिवशी ती मोबाइल घेऊन वहिनींच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"वहिनी, ती गोष्ट ह्यातली हाय. आपल्या पोरीची न्हाय."

पद्मावहिनींनी आधी मोबाइलकडे पाहिलं, मग नलूकडे. त्या नजरेनं नलूचे कान तापले. वहिनी मात्र चुलाण्यापाशी पाट घेऊन बसल्या आणि एकेक भाग पुढे सरकवत थेट शेवटापर्यंत गेल्या. वाडीतलं ऊन कललं, तेव्हा त्यांनी मान वर केली.

"थांबा आहे, गाडी आहे, सगळं आहे. पण यात हात कुठे धरलाय?"

"न्हाय धरलेला."

"मग ते तरी इथलंच ना? तू पाहिलंस ना?"

अब्रू वाचवायला अजून एक 'व्हय' पुरेसं होतं. नलूनं खाली बघत सांगितलं, "न्हाय वहिनी. त्यो हात मी घातला."

"का?"

"शकू जांभया देत व्हती."

वहिनींनी मोबाइल तिच्या हातात परत दिला. मग म्हणाल्या, "तुझ्या गोष्टीला चव यावी म्हणून माझी पोर घरात कोंडली मी." त्यांच्याच डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी आत हाक मारली, "आश्लेषा, उद्यापासून कॉलेजला जा. अण्णांशी मी बोलते."

आश्लेषा दाराआडच उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"मावशी," ती नलूला म्हणाली, "रितेश माझ्याशी अजून एक शब्दही बोलला नव्हता. आता तर बोभाट्याच्या भीतीनं तो आधीच्या गाडीनं जातो."

पद्मावहिनींना यात विशेष काही वाटलं नाही, उलट बरंच झालं असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. त्या एका शब्दाची वाट बघणं काय असतं, हे त्या घरात आश्लेषाखेरीज एकट्या नलूला ठाऊक होतं, आणि तिला पोरीसमोर मान वर करता येईना.