सासरा विकणे आहे

दिवाळीनंतर पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम लागतो. त्या नाटकांची पोस्टरं करायची आणि इंटरनेटवर जाहिराती चालवायच्या, हा माझा धंदा. वडशातल्या घराच्या पुढच्या खोलीत एक कॉम्प्युटर आहे, तेच माझं दुकान. नवरा राजुऱ्याकडे कोळशाच्या खाणीत, सुटीला तेवढा येतो. एरवी घरात मी आणि मामाजी. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात.

मामाजींनी उभा जन्म नाटकात काढला. खलनायक म्हणून इतके गाजले की बाजारात त्यांना पाहून बाया लेकरं जवळ ओढून घ्यायच्या, आणि त्याचा त्यांना भारी अभिमान. मग लकवा मारला. तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली. हळूहळू बरे झाले, पण तोवर ‘गेला तो गडी’ अशी बातमी गावोगाव पोचली होती. पुढच्या हंगामात कोणी बोलावलं नाही. मामाजी दिवसभर अंगणात बसायचे आणि माझ्या भाजीत मीठ जास्त झालंय म्हणून भांडायचे.

शेवटी एका नाटक कंपनीच्या मालकानं नव्या नाटकात त्यांना काम दिलं. नाटकाचं नाव ‘सासरा विकणे आहे’. विनोदी, आणि सासऱ्याला बराच वेळ खुर्चीत बसायचं. पण मालकानं तोंडावरच सांगितलं, “भाऊ, दसऱ्यापर्यंत गावोगावच्या मंडळवाल्यायनं नाटकाचं बुकिंग केलं तं तुमीच. नाई केलं तं मले दुसरा गडी घ्या लागंल.”

म्हणून मी जीव ओतून जाहिरात केली. मामाजींचा डोळे वटारलेला फोटो, गळ्यात किमतीची चिठ्ठी, वर ठळक अक्षरांत ‘सासरा विकणे आहे’. जाहिरात माझ्या खात्यावरून, माझ्या नावानं गेली. म्हातारा धडधाकट आहे, हे सगळ्या झाडीपट्टीला दिसू दे, एवढीच इच्छा.

दुपारी खातं बंद. कारण काय, तर माणसाची विक्री!

मी आधी पोट धरून हसले. मग बाकीच्या नाटकांच्या जाहिरातीही थांबलेल्या दिसल्या आणि माझं हसू पळालं. अपील केलं. चहाला उकळी यायच्या आत उत्तर आलं, फेरविचार केला, निर्णय कायम. कोणी फेरविचार केला आणि कशाचा, देव जाणे. मी त्या स्क्रीनला आमच्या बोलीतल्या निवडक शिव्या दिल्या. त्यानं फरक पडला नाही, पण मला बरं वाटलं.

मालक घरी आला. “नाव बदलून टाकू,” म्हणाला. “अन् पोस्टरवर हिरोचा फोटो घेऊ.” हे सांगताना तो भिंतीकडे पाहत होता. आज पोस्टरवरून काढलं, तर उद्या स्टेजवरून काढणार, हे कळायला मामाजींना कोणी सांगायची गरज नव्हती. त्या दिवशी ते मिठावरूनसुद्धा भांडले नाहीत. मला फार भीती वाटली.

बऱ्याच खटपटीनं त्या इंटरनेटवाल्या कंपनीचा एक जिवंत माणूस चॅटवर सापडला. सगळं समजावल्यावर त्यानं कळवलं, फोटोतल्या व्यक्तीनं स्वतः बोलून संमती दिल्याचा व्हिडिओ पाठवा. मी मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू केलं आणि म्हटलं, “मामाजी, बोला!”

कॅमेरा समोर दिसल्यावर मामाजी कसले ऐकतात! त्यांनी छाती पिटली, आकाशाकडे पाहिलं, तिसऱ्या अंकातलं रडणं काढलं आणि “सूनबाई, मी राजीखुशीनं उभा आहे या बाजारात!” असा टाहो फोडला. घाईत मी तेच पाठवलं. अक्कल गहाण पडली होती, दुसरं काय?

उत्तर आलं, व्यक्ती दबावाखाली दिसते. शिवाय अर्जात तुम्ही त्यांना सासरे म्हणता आणि व्हिडिओत मामा. खुलासा करा.

मी डोक्याला हात लावला. आता विकायला काढलेला माणूस माझा नेमका कोण, इथूनच सुरुवात!

दुसऱ्या दिवशी मामाजी जेवत होते, तेव्हा मी मोबाईल मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवला आणि चालू आहे हे मुद्दाम सांगितलं नाही. विचारलं, “मामाजी, ते लोक इचारून राह्यले, मी तुम्हाले खरंच विकून राह्यली काय?”

“डोकं फिरलं काय त्यायचं?” मामाजींनी घास खाली ठेवला. “माही सून होय तू. तोंड वाकडं होतं तवा चमच्यानं भात भरवला तुनं मले. लेकरासारखं बोलाले शिकवलं. पोस्टरवर माहा फोटो टाक, हे मीच म्हटलं तुले. काऊन म्हटलं? मले काम पाहिजे, बाई. असा घरी बसून बसून मी मरून जाईन.”

त्या आवाजात नाटक औषधालाही नव्हतं. इतक्या वर्षांत मी त्यांना असं बोलताना ऐकलं नव्हतं. मला रडू आलं, ते त्यांना दिसू नये म्हणून मी वरण आणायला उठले. मग जेवण झाल्यावर त्यांना व्हिडिओ दाखवला, पाठवू का विचारलं. “धाड,” म्हणाले. सोबत मी लिहिलं, आमच्या भागात सासऱ्याला मामाजीच म्हणतात, हवं तर या आणि कोणत्याही सुनेला विचारा.

दसरा तोंडावर आला असताना खातं सुरू झालं. एका ओळीचं उत्तर, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. मी ते मोठ्यानं वाचलं आणि खुर्चीतच हातपाय सैल सोडून बसले. इतकं मोकळं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. जाहिरात मूळच्या नावानं आणि मूळच्या फोटोनं पुन्हा लावली.

दोनेक दिवसांनी मी मिक्सरवर चटणी वाटत होते, तेव्हा मालक दारातूनच ओरडत आला, “भाऊ, जिवती तालुक्यातलं मंडळ बुकिंग करून राह्यलं! पण अट टाकली त्यायनं. म्हणते, सासरा फोटोतलाच पाहिजे, दुसरा देसान तं नाटक नको.”

मामाजींनी कानामागे हात धरला. “काय म्हणते? पुन्ना सांग.”

त्यांना पहिल्याच वेळी नीट ऐकू आलं होतं, हे मला माहीत होतं. मी मिक्सर बंद केला. मलाही ते पुन्हा ऐकायचं होतं.