आबांची गेरूची रेघ

अमळनेरच्या आमच्या गल्लीत शेजारच्या आबांचा लेप न लागलेला माणूस शोधायचा म्हटलं, तर त्याच सकाळी जन्मलेलं मूल दाखवावं लागलं असतं, आणि तेही संध्याकाळपर्यंतच. ही पंच्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. तेलगिरणीतून निवृत्त झालेले आबा समोरच्याचा चेहरा बघतच नसत. मान, कोपर, बोटांच्या बेचक्या बघत. "गरमी शे," हे एकच निदान. मग घामोळ्यांना गेरू, खरजेला कडुनिंब, गजकर्णाला टाकळ्याचा पाला. उन्हाळ्यात गल्लीतली पोरं गेरू फासलेल्या कुंड्यांसारखी हिंडायची. एका लग्नात नवरदेवाच्या मानेवर पुरळ दिसलं, तर आबांनी मंगलाष्टकांआधी तिथेच पाला वाटून थापला. अंतरपाट दूर झाला तेव्हा नवरी त्या हिरव्या मानेकडेच बघत राहिली.

पण त्यांचा खरा हातखंडा नागिणीचा. कमरेवर फोडांचा पट्टा उठला आणि त्याची दोन टोकं जुळली की माणूस दगावतो, अशी सगळ्यांची धास्ती. आबा दूर्वांच्या रसात गेरू कालवून त्या पट्ट्यापुढे आडवी रेघ ओढत आणि म्हणत, "आते कशी जास पुढे, देखू." ती खरंच पुढे जात नसे. बहुतेकांची आपोआपच बसते, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

मग त्यांच्या बायकोला, आमच्या अक्कांना, नागीण उठली ती कपाळावर, उजव्या डोळ्याशी. जळगावला डोळ्याच्या डॉक्टरांकडे न्या, असं माझी आई पुन्हापुन्हा सांगत होती. सगळ्या गावाची नागीण उतरवणारे आबा दुखावले. "बठ्ठा गावनी नागीण मी उतारी, आनि घरनीले डागदर?" त्यांनी भुवईवर रेघ ओढली. शेवटी एसटीने नेलं तेव्हा बुबुळ पांढरं पडलं होतं. आधी आणायला हवं होतं, एवढंच डॉक्टर म्हणाले. मला आबांचा भयंकर राग आला होता. अजूनही थोडा आहे.

त्यानंतर कुणी फोड दाखवायला आलं की आबा मान फिरवून "डागदरकडे जा" म्हणत. डोळा गेला, पण अक्कांच्या कपाळाची आग काही वर्षं राहिली. एकदा दुपारी मी डबा परत द्यायला गेलो, तर अक्का दूर्वांची जुडी आबांपुढे ठेवत होत्या.

"यानी काही होत नही," आबा खाली बघत म्हणाले.

"माले माहीत शे," अक्का म्हणाल्या. "पन तुमना हात तरी फिरस."

आबांनी दूर्वा वाटल्या. एका हाताने अक्कांचं डोकं धरून त्यांनी हलकेच लेप लावला, आणि तो वाळेपर्यंत हात तसाच ठेवून बसले.