बँकेतली मेथी

माझं आणि एका अनोळखी बाईचं घराचं कर्ज फिटलं तरी बँकेनं आम्हा दोघींची खरेदीखतं कित्येक महिने परत दिली नाहीत. उशिराबद्दलची भरपाई मंजूर झाली, पण खात्यात येईना. म्हणून दर सोमवारी हिंगोलीच्या शाखेत आमची गाठ पडायची. माझ्याकडे फाईल आणि अर्जांच्या पोचपावत्या असायच्या, तिच्याकडे मेथीची जुडी. कारकुनाच्या समोरच्या बाकावर मांडी घालून ती भाजी निवडत बसायची.

"काहून रे लेकरा, आज बी न्हाई?"

"वरून आलंच न्हाई, मावशी."

"येऊ दे सावकाश. अजून शेपू हाय पिशवीत."

तिची पानं उडू नयेत म्हणून त्यानं एकदा पंखासुद्धा बंद केला. आम्ही सगळे घामाघूम. मला मात्र तो मान वर न करता "बघतो, मॅडम" म्हणायचा.

अर्ज आम्ही एकाच दिवशी दिले होते. पैसे तिचे आले. देठं पदरात गोळा करत ती म्हणाली, "तुमचं बी व्हईल, बाई."

पुढच्या सोमवारी फाईल घरी ठेवून मी मेथीची जुडी घेऊन गेले. दोन काड्या मोडल्या असतील, तोच कारकून म्हणाला, "मॅडम, इथं कचरा करू नका."